शिशाच्या गोळ्यांवर बंदी येतेय म्हणे, पण नक्की कुठे आणि कशावर?

आमच्या इंदूरच्या शूटिंगवाल्या पालकांच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय की युरोपात शिशावर बंदी येतेय, आता छर्रे मिळणार नाहीत, पोरांचं करिअर संपलं वगैरे वगैरे. भाचा दहा मीटर एअर रायफल करतो त्यामुळे बहिणीचा लगेच फोन, "दादा, आत्ताच सात-आठ डब्या घेऊन ठेवू का, नंतर दुप्पट भावात घ्याव्या लागतील." म्हटलं थांब जरा, आधी वाचून तर बघू. वाचलं तर कळलं की त्या एका मेसेजमध्ये इंग्लंडचा कायदा, युरोपियन युनियनचा प्रस्ताव आणि अमेरिकेतलं जुनं भांडण, तिन्ही एकत्र कालवलेत, आणि वर आपल्याकडची भीती घातलीय.

घाबरणारे लोक इंदूरला भरपूर भेटणार हे पण खरंच आहे, कारण इथे शूटिंगचं वातावरण आहे. महूला आर्मीचं मार्क्समनशिप युनिट, बीएसएफचं हत्यारांचं ट्रेनिंग स्कूल शहराला लागूनच, इथून जवळच्या खरगोनचा ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर ऑलिम्पिकपर्यंत गेला, आणि २०२४ ला आपल्या कोल्हापूरकडच्या स्वप्निल कुसाळेनं पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ आणलं तेव्हापासून तर मराठी घरांत "आमच्या पोराला पण बघू" हे सुरू झालंय. तर बहिणीला जे सांगितलं तेच इथे जरा नीट लिहितो.

आधी उत्तर, मग बाकीचं. एअर रायफलच्या छर्ऱ्यांवर बंदी येत नाहीये. इनडोअर रेंजवर पण नाही. निशाणा आहे तो उघड्यावर, शेतात, जंगलात, तळ्यावर उडवल्या जाणाऱ्या शिशावर, आणि त्यातही सगळ्यात जास्त बारा बोअरच्या, म्हणजे शॉटगनच्या काडतुसातल्या छर्ऱ्यांवर.

असं का ते हिशोबानं लगेच कळतं. एअर रायफलचा छर्रा साधारण अर्ध्या ग्रॅमचा, साठ शॉटची मॅच झाली की तीस-बत्तीस ग्रॅम शिसं, आणि ते सगळं समोरच्या लोखंडी डब्यात जाऊन पडतं. आता ट्रॅप शूटिंग घ्या, ज्यात हवेत उडणाऱ्या मातीच्या चकत्या फोडतात. एका काडतुसात २४ ग्रॅम शिसं म्हणजे तीनशेच्या आसपास बारीक छर्रे, क्वालिफिकेशनला १२५ चकत्या, एका चकतीला एकच काडतूस धरलं तरी एका माणसाचे तीन किलो झाले, आणि हे तीन किलो कुठल्या डब्यात वगैरे नाही, समोरच्या मैदानावर शे-दोनशे मीटरपर्यंत विखुरलेलं. मग शिकारी आला, त्याचं तर मैदान पण ठरलेलं नाही, उद्या कुठल्या तळ्यावर बसेल सांगता येत नाही. कायदा करणाऱ्यांनी बंदूक किती जोरात वाजते ते बघितलंच नाही, उडालेल्या शिशातलं परत किती गोळा होतं तेवढंच बघितलं. हा एक मुद्दा लक्षात ठेवला ना की पुढचे बहुतेक नियम आणि सवलती आपोआप उलगडतात.

युरोपची केमिकल एजन्सी म्हणते की युनियनमधल्या देशांत शिकार, शूटिंग आणि मासेमारी मिळून वर्षाला ४४ हजार टन शिसं उघड्यावर पडतं, त्यातलं निम्म्याहून जास्त स्पोर्ट्स शूटिंगचं. मासेमारी कशी मधे आली तर गळाला जे वजन लावतात ते शिशाचं असतं.

आता पक्ष्यांचं. पक्ष्यांना दात नसतात, म्हणून बदकं आणि बरेच दाणे खाणारे पक्षी बारीक खडे मुद्दाम गिळतात, पोटाच्या एका जाड स्नायूच्या भागात ते खडे साठतात आणि दाणे तिथे दळले जातात. तळ्याच्या गाळात पडलेला दोन-अडीच मिलिमीटरचा छर्रा बदकाला खड्यासारखाच दिसतो. गिळला की तो खड्यांबरोबर घासला जातो, वरून पोटातलं ॲसिड, शिसं विरघळून रक्तात उतरतं. शरीराला ते कॅल्शियमसारखं वाटतं त्यामुळे नसांमध्ये, हाडांमध्ये, सगळीकडे त्याला आत घेतलं जातं. पंख लोंबायला लागतात, खाल्लेलं पुढे सरकत नाही, पक्षी वाळत जातो आणि दोन-तीन आठवड्यांत मरतो. कधीकधी एक-दोन छर्रे पण पुरतात. ढिगानं मेलेली बदकं कुणाला दिसत नाहीत, कारण एकेक करून झुडपात मरतात आणि कोल्ह्या-घारींनी खाल्ली जातात, म्हणून शिकारी शंभर वर्षं म्हणत राहिले की आम्हाला तर एकही मेलेलं दिसलं नाही. खोटं बोलत होते असं नाही, दिसणारच नव्हतं.

दुसरा रस्ता अजून वाईट आहे. रायफलची शिशाची गोळी हरणात शिरली की फुटते, तिचे इतके बारीक कण होतात की एक्स-रेमध्ये जखमेपासून बऱ्याच लांबपर्यंत ठिपके दिसतात. शिकारी आतडी वगैरे तिथेच टाकून जातो, गिधाडं आणि गरुड ते खातात. गिधाडाच्या पोटातलं ॲसिड जबरदस्त असतं, सडलेलं मांस पचवायला तेच कामाला येतं आणि तेच शिसं पण झटकन विरघळवतं. कॅलिफोर्नियाचं कॉन्डोर गिधाड १९८२ ला फक्त २२ उरलं होतं. सगळी पकडून, पिंजऱ्यात वाढवून, परत सोडून आज पाचशेच्या वर नेलीत, आणि अजूनही मोकळ्या कॉन्डोरच्या मृत्यूचं मोठं कारण शिसंच आहे. आणि जे मांस माणूस घरी नेतो त्यातही ते कण असतातच. मोठ्या माणसाला एखाद वेळेला काही कळणार नाही, पण लहान मुलाच्या मेंदूसाठी शिशाची सुरक्षित अशी पातळीच नाही, हे जागतिक आरोग्य संघटना कधीची सांगतेय.

तर कायदे. १५ फेब्रुवारी २०२३ पासून युरोपियन युनियनच्या सगळ्या देशांत पाणथळ जागेवर आणि तिच्यापासून १०० मीटरच्या आत शिशाचे छर्रे उडवायला बंदी आहे. हे लागू झालेलं आहे, प्रस्ताव नाही. प्रस्ताव आहे तो याच्या पुढचा, की पाणथळ असो नसो, शिकारीसाठी आणि उघड्यावरच्या शूटिंगसाठी शिसं टप्प्याटप्प्यानं बंद करा, मासेमारीची वजनं पण. त्याचा मसुदा युरोपियन कमिशननं फेब्रुवारी २०२५ मध्ये सदस्य देशांसमोर ठेवला. सैन्य आणि पोलीस बाहेर, इनडोअर रेंज बाहेर, आणि उघड्यावरच्या रेंजला सूट द्यायची तर पडलेलं शिसं गोळा करण्याची पक्की व्यवस्था दाखवायची. एजन्सीनं शॉटगनच्या छर्ऱ्यांच्या रेंजसाठी तर ९० टक्के परत गोळा करण्याची अट सुचवली होती.

इंग्लंड आता युनियनमध्ये नाही, त्यांचं वेगळं. जुलै २०२५ मध्ये तिथल्या सरकारनं जाहीर केलं की इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये १ टक्क्याहून जास्त शिसं असलेले शॉटगनचे छर्रे आणि ३ टक्क्यांहून जास्त शिसं असलेल्या शिकारीच्या मोठ्या गोळ्या बंद, बदलायला तीन वर्षं, म्हणजे २०२९ च्या आसपास पूर्ण लागू. एअरगनचे छर्रे आणि लहान बोअरच्या गोळ्या यातून सोडल्यात, कारण त्यांना चांगला पर्याय अजून नाहीये. स्वप्निल ज्या पॉइंट टू टू रायफलनं खेळतो तिची गोळी याच लहान गटात येते, अडीच-पावणेतीन ग्रॅमची.

आता मला यात सगळ्यात इंटरेस्टिंग वाटलं ते हे की इंग्लंडच्या नियमात छर्ऱ्यांच्या "विक्री"वर बंदी आत्ता कुठे आली, आणि ती यायला इतकी वर्षं का लागली. इंग्लंडमध्ये १९९९ पासून नियम होता की बदकांवर शिशाचा छर्रा मारायचा नाही. मारायचा नाही, पण दुकानात मिळणार, तितरावर मारला तर चालणार, खिशात ठेवला तर चालणार. मग झालं काय, नंतर लोकांनी बाजारातून बदकं विकत आणून तपासली तर दहातल्या साधारण सात बदकांत शिसं. बरोबरच आहे, पहाटे सहा वाजता धुक्यात कुठल्या तरी दलदलीत कोण बघायला जाणार की तुझ्या बंदुकीत कुठलं काडतूस आहे. त्यानंतर २०२० मध्ये शिकाऱ्यांच्या नऊ संघटनांनी स्वतःहून सांगितलं की सरकारनं मधे पडू नये, आम्ही पाच वर्षांत आमच्या मनानं शिसं सोडतो. पाच हिवाळे संशोधकांनी बाजारातले तितराच्या जातीचे फेझंट पक्षी तपासले, शेवटच्या हिवाळ्यात पण जवळजवळ सगळ्यांत शिसंच निघालं. संघटना बहुतेक मनापासून बोलत होत्या, पण शिकारी शेवटी दुकानात जे स्वस्त आणि सवयीचं मिळतं तेच घेतो.

डेन्मार्कनं १९९६ लाच वेगळं केलं, शिशाचे छर्रे शिकारीतूनच बाद, ठेवायचे पण नाहीत, विकायचे पण नाहीत, दुकानात काडतूसच नाही तर उडवणार काय. आणि २०२४ मध्ये रायफलच्या शिशाच्या गोळ्याही शिकारीसाठी बंद करणारा पहिला देश तोच झाला. युरोपच्या २०२३ च्या नियमात पण हीच अक्कल दिसते, त्यात तळ्याजवळ शिकारीला जाताना शिशाचं काडतूस जवळ बाळगणं सुद्धा गुन्ह्यात धरलंय, म्हणजे उडवताना पकडायची गरजच नाही.

हे आपल्याला परकं वाटायचं कारण नाही, डायक्लोफिनॅकचं डिट्टो असंच झालं होतं. गुरांना दिलेल्या त्या पेनकिलरनं आपली गिधाडं संपत आली, २००६ मध्ये जनावरांसाठी ते बनवायला बंदी झाली, पण माणसांसाठीची मोठी ३० मिलीची बाटली मेडिकलवर मिळतच होती, आणि तीच गुरांना टोचली जात होती. २०१५ मध्ये माणसांसाठीच्या इंजेक्शनची साइझच ३ मिलीवर आणली तेव्हा कुठे ती पळवाट आवळली गेली, कारण म्हशीला तीन-तीन मिलीच्या बाटल्या कोण फोडत बसणार. आज देशात सगळ्यात जास्त गिधाडं आपल्या मध्य प्रदेशात आहेत, म्हणून हे आवर्जून सांगितलं.

अमेरिकेचा किस्सा उलटा. त्यांनी १९९१ पासून देशभर पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिसं बंद केलं आणि ते चाललं, एका अभ्यासात अंदाज निघाला की मॅलार्ड बदकांत शिशानं होणारे मृत्यू ६४ टक्क्यांनी कमी झाले. पण बाकी शिकारीला हात लावायचा म्हटलं की गाडी अडते. त्यांचा विषारी केमिकल्सचा कायदा १९७६ चा, त्यात केमिकल म्हणजे काय याची व्याख्या आहे आणि त्या व्याख्येतूनच बंदुका आणि काडतुसं बाहेर काढून ठेवलीत, ज्या वस्तूंवर अमुक कलमाखाली टॅक्स लागतो त्या यात धरायच्या नाहीत, अशा वळणानं. म्हणून २०१० मध्ये पर्यावरणवाल्यांनी अर्ज केला तेव्हा तिथली पर्यावरण एजन्सी म्हणाली की आम्हाला अधिकारच नाही. आणि गंमत बघा, तो टॅक्स आहे ना, काडतुसांवर ११ टक्के, तो १९३७ पासून वन्यजीव वाचवायच्या कामालाच जातो. जानेवारी २०१७ ला ओबामांच्या शेवटच्या दिवसांत अभयारण्यांमध्ये शिसं हळूहळू बंद करायचा आदेश निघाला, मार्चमध्ये नव्या सरकारनं तो मागे घेतला. कॅलिफोर्नियानं मात्र स्वतःच्या राज्यापुरता २०१३ मध्ये कायदा केला आणि १ जुलै २०१९ पासून सगळ्याच शिकारीत शिसं बंद केलं. म्हणजे तिकडे एका देशात पण एकच उत्तर नाही, आणि आपल्या ग्रुपवर "बाहेरच्या देशांत बंद झालं" एवढ्या चार शब्दांत विषय संपतो.

विरोध करणारे सगळेच मूर्ख आहेत असं मी म्हणणार नाही. शिसं जड असतं, पाण्याच्या अकरा पट, स्टील आठच्याही थोडं खालीच. हलका छर्रा लवकर वेग सोडतो, त्यामुळे स्टील वापरायचं तर दोन नंबर मोठा छर्रा घ्यावा लागतो, काडतुसात संख्या कमी बसते, आणि लांबून मारलं तर पक्षी जखमी होऊन उडून जायची भीती. स्टील कडक असल्यामुळे आजोबांच्या जुन्या नळीतून चालवलं तर नळी खराब होऊ शकते, दगडावर आपटून उसळतं पण जास्त. बिस्मथ शिशाच्या जवळपास जातं पण महाग, टंगस्टन अजून महाग. रायफलसाठी पूर्ण तांब्याची गोळी चांगली निघाली, फुटून कण होत नाहीत, हरीण तितक्याच पटकन पडतं, पण ती लांब असते म्हणून काही जुन्या रायफलींच्या नळीला मानवत नाही. नॉर्वेनं २००५ मध्ये छर्ऱ्यांवर पूर्ण बंदी घातली आणि अशाच तक्रारींवरून २०१५ मध्ये पाणथळ सोडून बाकी ठिकाणी उठवली. तरी माझं मत विचाराल तर जवळून मारा हेच त्याचं उत्तर आहे, डेन्मार्कचे शिकारी तीस वर्षं स्टीलवर शिकार करतायत आणि त्यांची शिकार काही बंद पडली नाही.

एअर रायफलला पर्याय का नाही, तर छर्रा नळीतल्या आट्यांमध्ये घट्ट बसून फिरायला लागतो, त्याला धातू मऊ हवा. टिनचे छर्रे मिळतात पण हलके, आणि दहा मीटरवर दशांशात स्कोअर मोजतात तिथे तेवढा फरक पण पोराला नको असतो.

आपल्याकडे काय. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं आणि त्यातल्या १९९१ च्या दुरुस्तीनं शिकारच बंद केली, त्यामुळे युरोपची निम्मी डोकेदुखी आपल्याला नाही, पीक खाणाऱ्या नीलगाय-रानडुकरांसाठी कुठे परवानगी निघते तेवढीच. इंदूरची सिरपूर आणि यशवंत सागर ही दोन्ही तळी २०२२ पासून रामसर साइट, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागा आहेत, २०२५ च्या सुरुवातीला इंदूरला उदयपूरबरोबर वेटलँड सिटीचा मान पण मिळाला, आणि हिवाळ्यात तिथे येणारी बदकं पार उत्तरेकडून, शिकार चालते अशा देशांवरून येतात, एवढा संबंध आहेच. गोळ्या बनतात आपल्याच वरणगावला आणि खडकीला, पण त्या सैन्य-पोलिसांच्या, आणि ते खातं सगळ्याच देशांनी कायद्याबाहेर ठेवलंय. त्यांच्या चांदमारीवर, म्हणजे गोळीबाराच्या मैदानावर, मागे मातीचा उंच बांध असतो, गोळ्या त्यात रुततात, निदान एका जागी राहतात. स्पोर्टचा चांगला माल बहुतेक जर्मनी-इंग्लंडहून येतो, तिथल्या कंपन्या उद्या काय बनवतील याचा परिणाम आपल्या भावावर होऊ शकतो, पण त्यासाठी आज डब्या साठवायची गरज नाही. बहिणीला तेच सांगितलं, नेहमीसारखी एक डबी घे.

पण मग तिला म्हटलं, तू रेंजवाल्या सरांना एक वेगळीच गोष्ट विचार. युरोपच्या प्रस्तावात इनडोअर रेंज बाहेर ठेवलीय ती तिथलं शिसं डब्यात गोळा होतं म्हणून, आणि गोळा झालेलं पुढे कायदेशीर भट्टीत जातं असं तिथे गृहीत आहे. इथे डबा भरला की कोण नेतं? पाचशे छर्ऱ्यांची एक डबी म्हणजे पाव किलोहून जास्त शिसं, तीस पोरांची रेंज असली तर महिन्याला किती होईल बघ, आणि भंगारात त्याला भाव चांगला येतो. शिसं सव्वातीनशे डिग्रीलाच वितळतं, घराच्या मागे चुलीवर पण होतं, म्हणूनच आपल्याकडे जुन्या बॅटऱ्या फोडून वितळवणाऱ्या वस्त्यांमध्ये पोरांच्या रक्तात शिसं सापडतं. युनिसेफच्या २०२० च्या रिपोर्टमध्ये भारतातल्या साडेसत्तावीस कोटी मुलांच्या रक्तात ते प्रमाणाबाहेर असल्याचा अंदाज होता, त्यात बंदुकीचा वाटा नगण्य असेल, पण आपल्या रेंजचा डबा पण त्याच भट्टीत जात असेल तर काय उपयोग. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांप्रमाणे शिशाचं भंगार नोंदणी असलेल्या रिसायकलरकडेच जायला पाहिजे, तर सरांकडे त्याची पावती असते का एवढंच विचार.

आणि पोराला सांग, लोड करताना छर्रे तोंडात धरायचे नाहीत, ही सवय बऱ्याच जणांना असते. रेंजमध्ये बसून पोहे-सेव खायचे नाहीत, बाहेर येऊन साबणानं हात धुऊन मग खायचे. आणि रेंज कोरड्या झाडूनं झाडायची नाही, ओल्या फडक्यानं पुसायची, कारण डब्याजवळ जी करडी धूळ साठते ते शिसंच असतं. बहीण म्हणाली की तिथे तर मावशी रोज झाडूच मारतात, आणि त्यांचा छोटा मुलगा शेजारीच खेळत असतो. म्हटलं मग सरांना हे आधी सांग, पावतीचं नंतर विचार.